निलंबनाचा मानकरी

थेरगावात डांगे चौकामागच्या मंडईत हिंदुराव टेमगिरे हातात पिशवी घेऊन दिसला, आणि तोही कामाच्या दिवशी भर अकरा वाजता, की लोक काय ते समजून जायचे. राज्यात कुठंतरी रस्ता खचलाय, नाहीतर पूल वाकलाय, नाहीतर कठडा पडलाय, आणि मंत्र्यानं विधानसभेत उभं राहून कुणालातरी निलंबित केलंय. कुणालातरी म्हणजे हिंदुरावलाच.

"काय टेमगिरे, परत का?" भेंडीवाली विचारायची.

"परत. कवळी दे बाई. आता दोन्ही वेळ घरीच जेवायचंय, जून भेंडी किती दिवस गिळू?"

हिंदुराव रस्त्यांच्या एका सरकारी खात्यात शाखा अभियंता. खात्याचं नाव सोडा, सगळ्या खात्यांचा पिंड एकच. तर ह्या शाखा अभियंत्याचं आजवर चार वेळा निलंबन झालेलं. पहिल्यांदा एका पुलाचा कठडा नदीत गेला तेव्हा. त्या दिवशी हिंदुराव स्वतःच्या चुलतभावाच्या हळदीत नाचत होता, रीतसर रजा टाकून. दुसऱ्यांदा शेजारच्या तालुक्यातला रस्ता वाहून गेला. तिथल्या अभियंत्याचा मेहुणा आमदार निघाला, म्हणून निलंबन तालुक्याची हद्द ओलांडून हिंदुरावच्या दारात आलं. तिसरं प्रकरण एका जुन्या टेंडरचं. ते टेंडर निघालं तेव्हा हा गडी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला गणितात नापास होत होता. चौथ्या वेळी फाईल दाबून ठेवल्याचा आरोप आला. ती फाईल त्याच्या टेबलावर कधी आलीच नव्हती. चौकशीत त्यानं विचारलं, "फाईलचा रंग तरी सांगा, म्हंजे वळख पटंल."

पण माणूस रडणारा नव्हता. पहिल्या निलंबनात त्यानं थेरगावचं घर बांधून काढलं, दुसऱ्यात थोरलीचं लग्न उरकलं, तिसऱ्यात मूळव्याधीचं ऑपरेशन करून घेतलं आणि चौथ्यात पेटी शिकला. निलंबित माणसाला अर्धा पगार मिळतो आणि गाव सोडता येत नाही. हिंदुराव म्हणायचा, "ह्याला आमच्यात घरजावई म्हणत्यात."

आता हा मान हिंदुरावलाच का, ते नीट समजून घेतलं पाहिजे.

सभागृहात विरोधक आरडाओरडा करायला लागले की मंत्र्याला काहीतरी द्यावं लागतं. काही नाही दिलं तर ते राजीनामा मागतात. मग वर अधिकाऱ्यांच्या सज्जात बसलेले सचिव एक चिठ्ठी लिहितात, शिपाई ती खाली नेतो, मंत्री ती उघडतो आणि गरजतो, "संबंधित अधिकाऱ्याला मी या क्षणी निलंबित करतो!" बाकं वाजतात. विरोधक म्हणतात आम्ही करायला लावलं, सत्ताधारी म्हणतात आम्ही केलं, आणि दोघंही कॅन्टीनला जातात. आता त्या चिठ्ठीत नाव कुणाचं घालायचं? मोठा साहेब घातला तर तो कोर्टात जातो. कंत्राटदाराचं नाव घेतलं तर पक्षाची पंचाईत. युनियनवाला घातला तर संप. मग असा माणूस लागतो, जो कोर्टात जाणार नाही, पेपरात बोलणार नाही, ज्याचा पाहुणा कुठं आमदार नाही, आणि जो परत आत घेतल्यावर "बरं झालं साहेब" म्हणून टेबलावरची धूळ झटकंल. असा माणूस खात्यानं एकदा हेरला की मग तो जपून वापरतात.

हिंदुराव मूळचा खेड तालुक्यातला, जुन्या गावकी घराण्यातला. त्यांच्या गावच्या जत्रेत म्हसोबाला पहिलं बकरं टेमगिऱ्यांच्या घरचं. तो म्हणायचा, "आज्ज्यानं बकरं दिलं, बापानं दिलं. मी म्हनलं, आपुन नोकरदार, आपुन सुटलो. पर खात्यानं बरोब्बर घरानं वळखलं."

दर वेळी काही महिन्यांनी तो गुपचूप कामावर परत यायचा. त्या दिवशी कार्यकारी अभियंता रणजीत मोहोळकर पेढ्यांचा बॉक्स घेऊन घरी यायचे. "खात्याची लाज राखलीत, हिंदुराव." हिंदुरावची बायको सुमन पेढे ठेवून घ्यायची आणि साहेब गेल्यावर म्हणायची, "लाज राखायला ह्यांना तुम्हीच सापडता. धोतर म्हणून नेसतात की काय तुम्हाला?"

ऑफिसात हा प्रकार एका माणसाला मात्र सहन व्हायचा नाही. कनिष्ठ अभियंता आम्रपाली ओव्हाळ. वडील पिंपरीतल्या एका कंपनीत आयुष्यभर मशीनवर उभे राहिलेले. घरात बाबासाहेबांच्या फोटोशेजारी राज्यघटना, आणि ती फुलं वाहायला नाही, वाचायला. विधानसभेतल्या प्रश्नांची उत्तरं इथून तयार होऊन वर जायची, ती लिहायचं काम आम्रपालीकडं.

एकदा डबा खाताना ती म्हणाली, "सर, मंत्रिमंडळ सभागृहाला जबाबदार आहे असं घटनेत लिहिलंय. शाखा अभियंता जबाबदार आहे, असं एकाही कलमात नाही."

"मग मी कुठं हाय घटनेत?"

"तुम्ही मंत्र्याच्या मागं. त्यानं पुढं उभं राहून उत्तर द्यायचं. तुम्ही मागनं त्याला खरं काय ते सांगायचं. तुमचं चुकलं तर त्यानं आत बोलावून तुमचा कान धरायचा. पण बाहेर म्हणायचं, खातं माझं, चूक माझी."

"आन् आपल्याकडं?"

"आपल्याकडं तुम्ही पुढं आणि तो मागं."

"बाई, पाऊस जिकडनं येईल तिकडं छत्री धरत्यात. छत्रीला कोन इचारतं?"

सगळे हसले. आम्रपाली हसली नाही. "छत्रीनं तरी विचारावं की, सर," म्हणाली.

पण ह्या सगळ्यात एक गोष्ट हळूहळू सडत गेली, आणि ती कुणाच्या ध्यानात आली नाही. हिंदुरावच्याही नाही. नोकरीला लागला तेव्हा तो पावसाळ्याआधी गटारांच्या चेंबरची झाकणं स्वतः पहारीनं उचलून आत वाकून बघायचा. मुकादम म्हणायचा, "साहेब, पगार तुमचा, पहार आमची." दुसऱ्या निलंबनानंतर तो झाकणं वरूनच बघायला लागला. तिसऱ्यानंतर गाडीतून. चौथ्यानंतर टेबलावरून. काम केलं तरी निलंबन, नाही केलं तरी निलंबन, मग चिखलात बूट कशाला घालायचे? नकळत असा हिशेब त्याच्या अंगात मुरला.

चाकणच्या पुढं कंपन्यांच्या भिंतींमागं वाघजाईमळा म्हणून वस्ती आहे. जुन्या गावकऱ्यांनी शेतात ओळीनं खोल्या काढल्या आणि बीड-लातूरकडच्या पोरापोरींना भाड्यानं दिल्या. खोल्यांचे एक मालक आबाजी. त्यांनी मे महिन्यात हिंदुरावला फोन केला.

"टेमगिरे, वळणावरच्या चेंबरचं झाकण टेम्पोनं मोडलंय. भोक उघडं हाय. सकाळच्या शिफ्टच्या पोरी तिथनंच बसला जात्यात."

"बघतो आबाजी."

"बघतो न्हाई, या."

"आलोच."

हिंदुराव तेव्हा सांगवीला एका साखरपुड्यात होता, हातात श्रीखंडाची वाटी. तो गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, त्या आठवड्यातही नाही. पाहणीच्या कागदावर मात्र त्यानं सही ठोकली: पाहणी केली, स्थिती समाधानकारक.

आम्रपालीनं विचारलं होतं, "सर, जाऊन आलात ना?"

"व्हय व्हय."

जुलैत कंपन्यांच्या मागचा ओढा तुंबला आणि वळणावर गुडघ्याच्या वर पाणी साठलं. बीडकडची वर्षाली, गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या एका कारखान्यात कंत्राटावर. पहिल्या शिफ्टची बस धरायला मैत्रिणींबरोबर पाण्यातून निघाली आणि बोलता बोलता दिसेनाशी झाली. मागच्या दोघींनी तिच्या सॅकचा पट्टा धरून ओढली म्हणून जीव वाचला. गुडघ्याचा चुरा झाला. समोर अडकलेल्या ट्रेलरच्या ड्रायव्हरनं सगळं मोबाईलवर घेतलं होतं. दुपारपर्यंत ते राज्यभर फिरलं.

अधिवेशन चालूच होतं. विरोधकांनी लक्षवेधी लावली. मुंबईहून मोहोळकरांना फोन आला आणि मोहोळकरांनी हिंदुरावला केबिनमध्ये बोलावलं.

"बसा, हिंदुराव."

मोहोळकर एरवी 'बसा' म्हणत नसत. म्हणाले की समजायचं.

"तुमची निवृत्ती मार्चात ना? त्याच्या आत परत घेऊ. म्हणजे, बघू. प्रयत्न करू."

"व्हय साहेब," हिंदुराव लगेच म्हणाला. इतका लगेच, की मोहोळकरांनी चष्मा काढून त्याच्याकडं बघितलं. दर वेळी हा गडी निदान एखादा विनोद करायचा. आज ओझं उतरवून घ्यायला कुणी हात पुढं केल्यावर होतो तसा चेहरा होता.

घरी सुमन पोळ्या लाटत होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचलेली. ती म्हणाली, "चला, यंदा गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेऊ. तुम्ही घरी असलात की गवंडी नीट काम करतात."

"सुमन, यंदाचं खरं हाय."

"काय खरं?"

"मी गेलोच नव्हतो. आबाजी फोन करून थकला. मी श्रीखंड खात हुतो."

सुमनचं लाटणं थांबलं. "आधीच्या चारही वेळा तुम्ही काय केलं होतंत?"

"काय न्हाई."

"आणि यंदा केलंय."

"व्हय."

तिनं तव्यावरची पोळी उलटली. करपली होती. "मग यंदा गच्ची नाही," म्हणाली. 

लक्षवेधीच्या दिवशी ऑफिसात सगळे आम्रपालीच्या मोबाईलभोवती जमले. सभागृहाचं कामकाज थेट दिसतं आता. क्लार्क सनीनं चहा मागवला होता, जणू मॅच आहे. मंत्री नवा होता. राजकारणात यायच्या आधी कुठल्याशा तालुक्याच्या कॉलेजात नागरिकशास्त्र शिकवायचा. मोहोळकर म्हणाले, "मास्तर आहे. चिठ्ठी दिली की वाचून दाखवेल."

विरोधक ओरडत होते. शिपाई चिठ्ठी घेऊन गेला. मंत्र्यानं चिठ्ठी उघडली, वाचली, आणि घडी घालून खिशात ठेवली.

"अध्यक्ष महोदय," तो म्हणाला, "झाकण नव्हतं, हे खरं आहे. खातं माझं आहे. मंत्री झाल्यापासून मी सत्कार स्वीकारले, पण झाकणांबद्दल एकदाही विचारलं नाही. ही जबाबदारी माझी आहे. कुठल्याही अधिकाऱ्याचं नाव मी इथं घेणार नाही, कारण त्याला इथं उभं राहून उत्तर देता येत नाही. खात्यात चौकशी होईल. जे निघेल ते मी स्वतः येऊन सभागृहाला सांगीन."

आणि तो खाली बसला.

सभागृहात असली शांतता पसरली, की मोबाईलचा आवाज गेला असं समजून सनीनं तो आपटून बघितला. विरोधकांना काय करावं कळेना. भांडायला आले आणि समोरच्यानं दारच उघडलं. मागच्या बाकावरून एक जण ओरडला, "ते ठीक आहे, पण निलंबन कुणाचं?" मंत्र्याच्या पक्षाचे लोक तर वरात चुकल्यासारखे एकमेकांकडं बघत होते.

"हा माणूस टिकत नाही," मोहोळकर म्हणाले.

"टेमगिरेसाहेब, सुटलात की राव!" सनीनं पाठीत थाप घातली. "आता पेढे तुमच्याकडून!"

हिंदुराव एरंडेल प्यायल्यासारखा बसला होता. आम्रपाली आधी खुशीत होती. मग तिनं त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि मोबाईल बंद केला.

मंत्री देवमाणूस होता असं कुणी समजू नये. तिसऱ्या दिवशी त्याच्या कार्यकर्त्यांनी वाघजाईमळ्याच्या वळणावर फ्लेक्स लावला. 'जबाबदार नेतृत्व', आणि खाली हात जोडलेला हसरा फोटो. तोही त्या चेंबरच्या बरोबर वरच्या खांबाला. भोक अजून उघडंच होतं. कार्यकर्त्यांनी खांबावर चढायला शिडी आणली होती, भोकावर टाकायला फळी नाही.

आता उरली चौकशी. मोहोळकरांनी सगळं आखून ठेवलं. हिंदुरावला बाजूला घेऊन म्हणाले, "झाकण होतं. पाण्याच्या दाबानं उडालं. तांत्रिक कारण. कुणीच दोषी नाही. तुम्ही फक्त गप्प बसा, मार्चात हार घालून घरी जा. अहो, ही सामूहिक जबाबदारी आहे. सामूहिक म्हणजे कळतं ना?"

"कळतं की. जत्रंत पत्रावळ्या कुनी उचलायच्या, तसं."

म्हणजे बघा कशी गंमत. चार वेळा काही केलं नव्हतं, तेव्हा भर सभागृहात बळी. पाचव्या वेळी खरंच केलं, तर मंत्र्यापासून साहेबापर्यंत सगळे त्याला पदराखाली घ्यायला टपलेले. नुसतं गप्प बसायचं होतं. आणि गप्प बसण्यात हिंदुरावचा हात कुणी धरला नसता.

पण आम्रपालीनं दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलापाशी खुर्ची ओढली. "सर, जाऊन आला होतात का?"

हिंदुराव पेनचं टोपण काढून लावत राहिला.

"तुम्ही व्हय म्हणालात, मी लिहिलं. पाहणी झाली होती असं मंत्र्यांना कळवलं. त्यांनी ते सभागृहात वाचलं असतं तर ते खोटं बोलले असते, आणि ते खोटं माझ्या हातचं असतं. ते वाचले, कारण त्यांनी वाचलं नाही. तुम्हाला वाटतं जबाबदारी फक्त त्यांनी घ्यायची असते? त्यांनी त्यांच्या वाटची घेतली, सर. राजकारणासाठी घेतली, का कशासाठी घेतली, घेतली ना?"

"बाई, मार्च..."

"मार्च मला माहितीय," ती म्हणाली आणि खुर्ची जागच्या जागी ठेवून निघून गेली.

त्या दुपारी हिंदुराव स्कूटर काढून वाघजाईमळ्याला गेला. वर्षाली तिच्या आत्याकडं, केसरबाईकडं होती. खोली म्हणजे दोन माणसं बसली की तिसऱ्यानं उभं राहायचं. वर्षाली पलंगावर, पाय उशांवर, गुडघ्यातून लोखंड आरपार. कोपऱ्यात केळ्यांच्या फण्या रचलेल्या. सत्ताधारी आले होते, विरोधक आले होते, दोघांनीही केळीच आणली होती.

"या," वर्षाली म्हणाली. "फोटो कुठून घेणार? त्या बाजूनं पाय दिसत न्हाई, इकडून या."

"मी फोटोवाला न्हाई. टेमगिरे. ह्या रस्त्याचा."

"मालक?"

"शाखा अभियंता. आबाजीनं मला झाकनाचं सांगितलं हुतं. मी आलो न्हाई. आलो म्हणून लिवलं. जबाबदारी माझी हाय."

लसूण सोलणाऱ्या केसरबाईचे हात थांबले. वर्षालीनं त्याला नीट न्याहाळलं.

"मंत्री आले, म्हणले जबाबदारी माझी. आता तुम्हीबी तेच म्हणायलेत. सगळेच जबाबदार, मग पाय मज्या एकटीचाच कसा काय मोडला?"

मग तिनंच पुढचं विचारलं.

"कुठं होतात त्या दिवशी?"

"सांगवीला. साखरपुड्याला."

"काय होतं जेवायला?"

"...श्रीखंड."

"गोड होतं?"

"व्हय," हिंदुराव म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"ठेकेदारानं मला कामावरून कमी केलं. म्हणतो, उभं राहता येईना तर शिवणार काय? घरी आई रोज फोनवर रडायली. अन् तुम्ही श्रीखंड खाल्लं म्हणून सांगायला आलाव." तिचा आवाज चढला. "तुमच्या साहेबाला सांगितलं का हे?"

"न्हाई अजून."

"मग मला कशाला सांगायलेत? मला सांगून तुमचं मन हलकं होईल. मज्या पायाचं काय? मी काय तुमची नोकरी घेणार हाय? जिथं सांगायचं तिथं जाऊन सांगा की! न् आधी ते भोक झाका. आत्या रोज तिथून जाती. आता काय हिचाबी पाय मोडल्यावर येणार हाव का श्रीखंड खाऊन?"

"केळी न्या जाताना," केसरबाई म्हणाली. "खाऊन खाऊन पोट बिघडलंय आमचं."

चार निलंबनं झाली, चौकश्या झाल्या, ताकिदी झाल्या, पण ज्याला शिव्या द्यायचा हक्क आहे अशा माणसानं हिंदुरावला आजवर कधी झापलंच नव्हतं. सभागृहातले लोक त्याला ओळखत नव्हते आणि साहेब पेढे आणत होते. तो खोलीबाहेर आला तेव्हा त्याचे कान तापले होते आणि हातात केळ्याची फणी होती. त्यानं आबाजींना गाठलं. आबाजींच्या गोठ्यामागं जुनी सिमेंटची लादी पडून होती. चार पोरं बोलावली, पहारी लावल्या, लादी चेंबरवर सरकवली. दोन चहांच्या मधल्या वेळात झालं. मे महिन्यापासून जे व्हायचं होतं ते. वर मंत्री हात जोडून हसत होता. आबाजी म्हणाले, "आता ह्यो जबाबदार दिसतोय खरा."

चौकशी विश्रामगृहात होती. चौकशी अधिकारी जयसिंगराव, दुसऱ्या विभागातले. आयुष्य चौकश्या करण्यात गेलेलं, त्यामुळं घाई नावाची गोष्ट त्यांच्या अंगात नव्हती. मोहोळकर शेजारी बसलेले.

"हं, टेमगिरे. पावसाळ्यापूर्वी पाहणी केली होती?"

"न्हाई."

"म्हणजे केली होती, पण..."

"केलीच न्हाई. सही खोटी केली."

जयसिंगरावांनी पेन खाली ठेवलं. "अहो, असं एकदम नसतं बोलायचं. 'आठवत नाही' म्हणायचं. 'तपासून सांगतो' म्हणायचं. मी इतकी वर्षं हेच करतोय, पहिल्याच प्रश्नाला कुणी असं केलं नाही. मी तीन दिवसांचं विश्रामगृह बुक केलंय."

"साहेब, यांची तब्येत बरी नसते," मोहोळकर मध्ये पडले. "वारंवार निलंबन झालं, मनावर परिणाम झालाय."

"झालाय की," हिंदुराव म्हणाला. "ते बी लिवा. चार येळा मी काय बी केलं नव्हतं, तरी बसवलं. मग माझ्या मनानं घेतलं, का झाकन बघून न बघून सारखंच. चूक माझी, एकट्याची, ती मी घेतो. पर ही सवय मला कुनी लावली, त्यांचीबी नावं लिवा. आन् सही खरी का खोटी, हे वर बसून कुनी तपासलं न्हाई, ते बी."

 जयसिंगरावांनी पेन परत उचललं.

"पहिलं लिहितो," ते म्हणाले. "तिसरं पण लिहितो. दुसरं माझ्या कक्षेत येत नाही."

"मग कुनाच्या येतं?"

जयसिंगरावांनी शिपायाला हाक मारून चहा सांगितला.

हिवाळी अधिवेशनात, नागपूरला, मंत्री खरंच उभा राहिला. पाहणी झाली नव्हती, ती झाली का हे वरच्यांनीही तपासलं नाही, दोघांवर कारवाई केली आहे, आणि खात्याचा प्रमुख म्हणून मी दिलगीर आहे. नाव त्यानं ह्या वेळीही घेतलं नाही. ऐकायला सभागृहात फारसं कुणी नव्हतं. विरोधकांना तोवर दुसऱ्या जिल्ह्यातला खड्डा सापडला होता. बाक एकसुद्धा वाजलं नाही. पुढं खातेबदल झाला आणि मास्तरांना मत्स्यव्यवसाय मिळाला. मोहोळकर म्हणाले होते तसं झालं, फक्त ते बघायला मोहोळकर इथं नव्हते. त्यांची बदली गडचिरोलीच्या टोकाला झाली होती.

हिंदुरावची पगारवाढ कापली, त्यामुळं मार्चनंतरच्या पेन्शनलाही कायमची कात्री लागली. खोट्या निलंबनांनंतर पेढे यायचे, ह्या खऱ्या शिक्षेला कुणी फिरकलं नाही. ऑफिसात लोक त्याच्याशी जपून बोलायला लागले. हा आपलं पण कधी काही कबूल करून बसेल, अशी भीती. फक्त आम्रपाली घरी आली, रिकाम्या हातानं.

"काही आणावंसं वाटलं नाही," ती सुमनला म्हणाली.

"बरं केलंस," सुमन म्हणाली आणि तिच्या पुढ्यात पोह्यांची बशी ठेवली. गच्ची गळतेच आहे. सुमननं तिथं पातेलं लावलंय.

फेब्रुवारीत एका सकाळी हिंदुरावचा फोन वाजला. वर्षालीचा. ती आता काठी घेऊन चालते, आणि एका लहान वर्कशॉपात बसून करायचं पॅकिंगचं काम तिला मिळालंय. काका, साहेब असलं काही ती म्हणत नाही.

"ओ झाकणवाले," ती म्हणाली. "चौथ्या गल्लीत एक लादी हलायली. गाडी गेली की टकटक वाजती. कधी येणार?"

"बघतो."

पलीकडं काठी जमिनीवर आपटली.

"येतो," हिंदुराव म्हणाला. "आत्ता निघतो." आणि दाराशी वाकून चपला शोधायला लागला.

"बूट घाला," सुमन आतून ओरडली. "तिकडं चिखल असतो."